मनीचे दात पाहिलेत का?

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत मांजर आहे, म्हणून आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत. पिल्लाला 26 दुधाचे दात असतात. साधारण सहा महिन्यांपर्यंत ते पडून 30 कायमचे दात येतात. पुढे दातांवर कीटण चढते, हिरड्या लाल होतात, तोंडाला घाण वास येतो. मांजर दुखणे लपवते. खाणे चालू असते, पण ते एकाच बाजूने चावते, लाळ गाळते, तोंडातला घास टाकते. अशा वेळी घरातली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आपली टूथपेस्टही नको, कारण मांजर ती गिळते. आठवड्यातून एकदा ओठ उचलून हिरड्या पाहा. लाली दिसली की पशुवैद्यांकडे न्या. सुरुवातीची सूज बरी होते. दाताभोवतीचे हाड झिजले की भरून येत नाही.