कथा तीच, आवाज दुसरा
ऑडिओबुक रुचले नाही, तर उणे कथेत की अभिवाचनात? मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची ‘द मार्शियन’ ही अँडी वीअर यांची कादंबरी आर. सी. ब्रे यांनी २०१३मध्ये वाचली, विल व्हीटन यांनी २०२०मध्ये. कथा तीच, तरी अनेक श्रोते ब्रे यांच्यासाठी हळहळले. आधी कानात बसलेलाच आवाज गोड लागतो, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण ‘एक्स्पिडिशनरी फोर्स’ या लष्करी विज्ञानकथामालिकेत कथा वेगळी, लेखकही वेगळा. तिथेही ब्रे यांना भरभरून दाद मिळते. निव्वळ सवयीने हे घडत नाही. थरारकथेत तर एक विराम चुकला की रहस्याची हवाच जाते. म्हणून ऑडिओबुकच्या मुखपृष्ठावर अभिवाचकाचे नाव लेखकाच्या नावाइतकेच ठळक हवे.