केसाएवढ्या नळीतली जाळी

अनारशाला जाळी पडली नाही तर तो नुसता गोड, कडक चकती होतो. तांदूळ तेच, गूळ तोच, तूपही तेच. बिघडतं ते एवढंच, की जिथे काही नसायला हवं होतं तिथे पीठ बसलेलं असतं. रसायनशाळेतल्या एका नळीचीही सगळी किंमत अशीच तिच्या भोकांत आहे.

बाहेरून ती तपकिरी मुलाम्याची, सिलिकाची केशनलिका दिसते. आतली पोकळी जेमतेम एक दशांश मिलिमीटर, आणि तीत पॉलिमरचा सलग, पांढरा, सच्छिद्र दांडा. त्याला मोनोलिथ म्हणतात. नळीच्या तोंडाशी मिश्रणाचा अगदी सूक्ष्म अंश घालायचा, दोन्ही टोकांना हजारो व्होल्टचा दाब लावायचा, आणि दुसऱ्या टोकापाशी त्यातले रेणू एकामागोमाग एक सुटे होऊन येतात. हीच इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी.

हिला पंप लागत नाही. भोकांच्या भिंतींवर ऋणभार असतो, त्याच्या ओढीने द्रवातले धनभारित कण भिंतीशी गर्दी करतात. वीज लावली की ही गर्दी ऋणाग्राकडे निघते आणि सगळ्या द्रवाला सोबत नेते. पंपाने ढकललेला द्रव मध्यभागी जोरात आणि कडेला रेंगाळत जातो. हा मात्र पालखीपुढच्या दिंडीसारखा, एका ओळीत. त्यामुळे वेगळे झालेले रेणू वाटेत पुन्हा फारसे मिसळत नाहीत.

सुरुवातीला अशा नळ्यांत सिलिकाचे बारीक कण ठासून भरत. ते निसटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना कण तापवून बूच करावं लागे, आणि नेमकी तिथेच अडचण. बुचापाशी हवेचे बुडबुडे धरत, प्रवाह तुटे, सकाळभराची मेहनत फुकट जाई. माझ्या मते या तंत्राचा खरा शत्रू हे बूचच होतं.

ते काढून टाकण्याची वाट प्रागमधून आली. तिथल्या ज्या संस्थेत मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचं जेल घडवणारे ओटो विख्टर्ले काम करत, तिथेच 1967मध्ये तसलं जेल नळीत ओतून क्रोमॅटोग्राफी करून पाहिली गेली. द्रव आत जेमतेम जाई. जेल होतं, जाळी नव्हती. त्याच संस्थेतून आलेले फ्रँटिशेक श्वेत्स यांनी झाँ फ्रेशे यांच्यासह 1992मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात साच्यातच घडवलेला ताठ, सच्छिद्र पॉलिमर दांडा दाखवला. 1997मध्ये, आता बर्कलीहून, त्यांच्या गटाने तो केशनलिकेत उतरवला.

कृती ऐकण्यासारखी आहे. ब्युटिल मेथाक्रिलेट, साखळ्या एकमेकींना बांधणारं एथिलीन डायमेथाक्रिलेट, आणि भिंतीला ऋणभार यावा म्हणून सल्फोनिक आम्ल असलेला तिसरा घटक, तोही चिमूटभर. हे सगळं मिळून 40 टक्के. उरलेले 60 टक्के पाणी, प्रोपेनॉल आणि ब्युटेनडायॉल, जे शेवटी धुऊन काढायचे असतात. नळीत भरून, टोकं बंद करून 60 अंश सेल्सिअसवर 20 तास. पॉलिमर जसजसा वाढतो तसतसा या द्रवांत न मावून बाहेर पडतो, त्याचे गोळे एकमेकांना चिकटतात आणि मधे वाटा राहतात. प्रोपेनॉल आणि ब्युटेनडायॉल यांचं प्रमाण जरा हललं की जाळी बदलते. दांडा आकसून भिंतीपासून सुटू नये म्हणून भिंतीवर आधीच त्याला धरणारे हात लावून ठेवलेले असतात. बूच नाही, कण ठासणं नाही.

या नळीने बेन्झीन, टोल्यूइन, एथिलबेन्झीन असे एका-एका कार्बनने वाढणारे भाऊ ओळीने सोडवले. वेगळं करण्याची क्षमता ज्या ‘प्लेट्स’मध्ये मोजतात, त्या मीटरमागे 1,20,000च्या वर गेल्या.

मग ती सर्वत्र का दिसत नाही? नेहमीच्या यंत्रांत 30,000 व्होल्टच्या पलीकडे जाता येत नाही, म्हणून नळी हवी तेवढी लांबवता येत नाही. शिवाय रेणूवर स्वतःचा भार असेल तर तो आपल्याच चालीने चालतो आणि हिशेब बदलतो. पंपावर लावावा, तर हा दांडा प्रथिनांसारखे मोठे रेणू झपाट्याने वेगळे करतो, पण लहानांपाशी अडखळतो. द्रव जायला त्याच्यात मोठ्या वाटा आहेत, लहान रेणूंना टेकायला पुरेशी जागा नाही. त्यावर 2010मध्ये याच गटाने स्टायरीनचा दांडा घेऊन त्याच्या साखळ्या आणखी घट्ट बांधल्या, जाळीच्या भिंतींतच सूक्ष्म जाळी पाडली, आणि पृष्ठफळ ग्रॅमला 663 चौरस मीटरवर नेलं. दांडा तसाच, जागा कितीतरी पट. मला हा सगळ्यांत देखणा टप्पा वाटतो, पण तो येईपर्यंत उशीर झाला होता. 2004पासून अतिउच्च दाबाची यंत्रं बाजारात आली होती आणि दोन मायक्रॉनहून बारीक कण भरलेल्या नळ्यांनी, म्हणजे कॉलमनी, लहान रेणूंचं काम बळकावलं होतं.

आज मेथाक्रिलेटच्या मोनोलिथचे कॉलम स्लोव्हेनियात बनतात आणि विषाणू, प्लाझ्मिड डीएनए असा मोठा ऐवज शुद्ध करायला वापरले जातात. औषधाच्या गोळीतले लहान रेणू तपासायला मात्र बहुतेक प्रयोगशाळांत अजून सिलिकाच्या कणांचाच कॉलम चढवतात, पंपावर.