नाशिकचा कृष्ण, पणजीचा पडदा

नोव्हेंबर २०२४ मध्ये पणजीच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ची पुनर्संचयित प्रत थेट वादनासह दाखवली गेली. हा मूकपट १९१९ सालचा, नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची सहा-सात वर्षांची लेक, मंदाकिनी.

या एकशे पाच वर्षांत चित्रपट टिकला, हेच नवल. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि मूकपटांची बाजारातली किंमत संपली. पेट घेणारी, आपोआप सडत जाणारी नायट्रेटची रिळे पडून राहिली. कित्येक चांदीसाठी गाळली गेली. तेराशेच्या आसपास भारतीय मूकपटांपैकी आज मोजकेच हाती आहेत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाची प्रत मिळत नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. तिथे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे विखुरलेले तुकडे चिकाटीने मिळवले, म्हणून ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग वाचला.

पण मूकपट म्हणजे नुसते रीळ नव्हे. त्या काळी पडद्यासमोर पेटी-तबला वाजे आणि वादक चित्राकडे पाहतच वाजवत. ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीलाच मंदाकिनीच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटतात. ते बदलतील तसा स्वर बदलायला हवा. कृष्ण यमुनेत उडी घेतो तिथे ठेका थांबवायचा की वाढवायचा, हे वादकाने ठरवायचे. म्हणून प्रत्येक खेळ वेगळा होतो, आणि जुने चित्र त्या दिवसापुरते नवे होते.

ऑगस्ट २००७ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात १९२९ चा ‘प्रपंच पाश’ विनामूल्य दाखवला गेला. नितीन सॉनी यांचे नवे संगीत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने तिथेच वाजवले. भारतात चित्रित झालेला मूकपट परक्या शहराच्या चौकात असा रंगू शकतो, तर फाळक्यांचा कृष्ण महोत्सवाच्या सभागृहापुरता का राहावा? नाशिकच्या गोदाघाटावर, कोल्हापुरात, तालुक्याच्या नाट्यगृहात त्याचे खेळ व्हावेत. त्यासाठी पडदा, प्रोजेक्टर आणि त्याच गावचे तीन-चार वादक पुरेत. भजनाला साथ करणारा पखवाजी, जागरण-गोंधळातला संबळवाला यांना ही कृष्णकथा शिकवावी लागणार नाही. प्रत वाचवण्याचे काम संग्रहालयाने केले. ती गावोगाव वाजती करण्याचे काम आता आपले, प्रेक्षकांचे आणि वादकांचे आहे.