अंदाज आणि त्याची मर्यादा

गणित म्हटलें कीं अचूकपणा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तथापि पूर्णांकांचे गुणधर्म शोधणाऱ्या गणितशाखेंत अंदाजालाहि मोठा मान आहे. मात्र तो अंदाज फार तर कितीनें चुकेल, हें सांगतां आलें पाहिजे. ह्या अटीचें महत्त्व किती, तें आज पाहूं.

नीरेच्या कांठच्या सारोळ्यास एखाद्या मोकळ्या माळावर एक मनुष्य १०१ पावलें चालत आहे, अशी कल्पना करा. सर्व पावलें सारख्याच लांबीचीं आहेत. तो सरळ पूर्वेस गेला, तर १०१ पावलांवर पोंचेल. प्रत्येक पावलागणिक वर्तुळाच्या १०१व्या भागाइतका तो वळत गेला, तर फेरा पुरा करून निघाला तेथेंच परत येईल. आतां तिसरा प्रकार घ्या. पावलाच्या अनुक्रमांकाचा वर्ग करावा, आणि पूर्वेपासून तितके भाग डावीकडे वळून तें पाऊल टाकावें. दुसऱ्यास चार भाग, तिसऱ्यास नऊ, चौथ्यास सोळा. वाट भ्रमिष्टाची वाटेल. परंतु शेवटीं तो मनुष्य नेमका पूर्वेस, १०१ च्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे दहा पावलांहून किंचित् अधिक अंतरावर सांपडेल! अशा बेरजांचा हा नियम गाउस या जर्मन गणितज्ञानें सिद्ध केला. त्याचा निबंध १८११ मध्यें प्रसिद्ध झाला.

अशा वळत्या पावलांच्या बेरजेस घातांकी बेरीज म्हणतात. वर्गाऐवजीं चतुर्थ घात घेतला, कीं इतकें सुबक उत्तर बहुधा मिळत नाहीं. मग पावलें परस्परांस किती खोडतात, याचा अंदाजच बांधावा लागतो. असा अंदाज बांधण्याची एक समर्थ रीत हेर्मान वाइल यानें १९१६ मध्यें दिली.

ह्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. १७७० मध्यें एडवर्ड वेअरिंग या इंग्रज गणितज्ञानें असें विधान केलें, कीं कोणतीहि संख्या फार तर १९ चतुर्थ घातांची बेरीज म्हणून मांडतां येते. ७९ ही संख्या घ्या. ८१ तिच्याहून मोठे, म्हणून १६ आणि १ एवढेच घात उपयोगी. चार सोळा आणि पंधरा एक, असे बरोबर १९ लागतात. परंतु सर्वच संख्यांना १९ पुरतात, हें कशावरून?

हार्डी व लिटलवुड यांनीं १९२० च्या सुमारास अशी युक्ति योजिली, कीं घातांकी बेरजा वर्तुळाभर फिरवाव्या. ज्या जुळण्या इष्ट संख्येइतक्या भरत नाहींत त्या परस्परांस खोडून नाहींशा होतात. भरतात त्या तेवढ्या शिल्लक राहतात. शिलकेचा एक मुख्य भाग अंदाजानें काढतां येतो, व उरतो तो चुकीचा भाग. चुकीहून मुख्य भाग मोठा ठरला, तर निदान एक तरी जुळणी आहेच, हें सिद्ध झालें.

येथेंच खरी अडचण आहे. संख्या वाढते तसा मुख्य भाग चुकीला मागें टाकतो, पण कोठपासून? १९३९ मध्यें डॅव्हनपोर्ट यानें पुरेशा मोठ्या सर्व संख्यांना १६ चतुर्थ घात पुरतात, असें दाखविलें. परंतु ‘पुरेशी मोठी’ म्हणजे किती, हें ठरल्यावांचून त्याखालच्या संख्या तपासणार कोण?

हें कोडें १९८६ मध्यें सुटलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत के. रामचंद्र यांच्या हाताखालीं तयार झालेले आर. बालसुब्रमण्यन् आणि फ्रान्सचे देझुइये व ड्रेस यांनीं चुकीच्या भागास आंकड्यांत मोजतां येणारी मर्यादा घातली. त्या मर्यादेपुढें विश्लेषण, अलीकडे गणकयंत्राच्या साह्यानें केलेली तपासणी. अशीं दोन्ही टोकें जुळलीं, व वेअरिंगचे १९ सिद्ध झाले. दोन शतकें लोंबकळलेलें विधान अखेर सिद्धांत झालें, तें चुकीचें माप हातीं आल्यामुळेंच.