जनुक काढून विचारलेला प्रश्न

खाडीकाठचा काळा चिखल उकरला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड वायू. तो तयार करणारे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी राहतात आणि श्वसनासाठी सल्फेट वापरतात. आपण अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या स्वाधीन करतो, ते सल्फेटच्या. जमिनीखालचे लोखंडी नळ गंजण्यातही त्यांचा हात असतो.

सल्फेट सहजासहजी इलेक्ट्रॉन घेत नाही. पेशी आधी एटीपी खर्चून त्याचे 'एपीएस' या संयुगात रूपांतर करते. एपीएसला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की सल्फाइट होते आणि त्याला आणखी सहा मिळाले की सल्फाइड. पण पहिले दोन इलेक्ट्रॉन आणून कोण देतो? पेशीपटलातील 'क्यूमो' या प्रथिनसमूहावर संशय होता, कारण त्याची जनुके एपीएसवर काम करणाऱ्या विकराच्या जनुकांशेजारीच आहेत. अर्थात, शेजारी राहणारे दोघे एकाच कचेरीत कामाला असतात असे नाही! खात्रीसाठी जिवंत पेशीतून ती जनुके काढूनच पाहायला हवीत.

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात ज्युडी वॉल यांच्या गटाने 'डिसल्फोव्हिब्रिओ व्हल्गॅरिस' या जिवाणूवर हा प्रयोग केला. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: क्यूमो नसलेला जिवाणू सल्फेटवर वाढेना, सल्फाइटवर मात्र वाढला. म्हणजे पेशी धडधाकट होती, पुढचा मार्गही शाबूत होता. अडथळा सल्फाइटच्या अलीकडेच होता. क्यूमो आवश्यक आहे हे ठरले. ते इलेक्ट्रॉन स्वतः विकराच्या हाती देते की मध्ये आणखी कोणी असते, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

जनुक काढायची सरळ रीत म्हणजे त्याच्या जागी प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक बसवणे आणि प्रतिजैविक घालून बदललेल्या पेशी निवडणे. पण या जिवाणूंवर उपयोगी पडणारी प्रतिजैविके थोडी. दोनतीन जनुके काढली की संपली. २००९ साली याच गटाने यावर युक्ती योजली. 'यूपीपी' या जनुकाचे विकर ५-फ्लुओरोयुरॅसिल या औषधाला विषाच्या मार्गावर नेते. म्हणून आधी यूपीपी काढून टाकले. ते औषध आता निरुपद्रवी झाले. मग एका प्लाझ्मिडवर यूपीपी, प्रतिजैविकरोधक जनुक आणि हव्या त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंचे डीएनए एकमेकांना जोडून ठेवले. हे प्लाझ्मिड या जिवाणूत स्वतंत्रपणे वाढत नाही, त्यामुळे प्रतिजैविकात ते गुणसूत्रात शिरलेल्या पेशीच तगतात. नंतर प्रतिजैविक थांबवून ५-फ्लुओरोयुरॅसिल दिले, की प्लाझ्मिड बाहेर टाकलेल्या पेशी उरतात. जाताना काही प्लाझ्मिडे ते जनुकही सोबत नेतात. कोणी नेले, हे डीएनए तपासून कळते.

मागे प्रतिजैविकरोधक जनुक राहत नसल्याने त्याच पेशीत पुढचे जनुक काढता येते. या गटाने परका डीएनए कापणाऱ्या एका विकराचे जनुकही असेच काढले आणि नवी प्लाझ्मिडे आत घालणे बरेच सोपे झाले.