पहाटेच्या थंडीत जुनी मोटारसायकल चालू करताना

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर घरातल्या पुरुषांचं काम. तसंच समजून चालल्यामुळे आमच्या गटातल्या एका मैत्रिणीवर काय वेळ आली, ते आधी सांगतो.

जानेवारीचा महिना होता. तिच्या मुलीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी धुळ्याला होती. पहाटेची एसटी गाठायची आणि स्टँड घरापासून सहा किलोमीटर. नवरा कामाला सुरतेत. दारात त्याची जुनी १०० सीसीची गाडी उभी. आमच्या मैत्रिणीला गाडी येते, लायसन्सही आहे. पण आजवर तिने चालवली ती नवऱ्याने चालू करून दिलेली, नाहीतर दुपारची तापलेली गाडी. त्या पहाटे तिने तीस-चाळीस किक मारल्या, एक्सलेटर पिळपिळ पिळला. पेट्रोलचा वास सुटला, गाडी मात्र बोलेना. मग मुलीने पाय लावला, तर किक उलटी फिरून नडगीवर बसली. शेवटी दुधाच्या टेम्पोने दोघींना स्टँडवर सोडलं. मुलगी वेळेत पोचली, पण ८०० मीटर धावली ती सुजलेल्या पायाने. निवड झाली नाही. गाडीमुळेच झाली नाही असं आम्ही म्हणणार नाही, पण मायलेकींच्या मनातून ती पहाट जात नाही.

आपला खानदेश उन्हाचा म्हणून ओळखला जातो. जळगावचा मे महिना सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ७-८ अंशांच्याही खाली उतरतो, हे आपल्यालाच माहीत. आणि आपल्या गावांतल्या बऱ्याच गाड्या जुन्या, कार्बोरेटरच्या आहेत. हिरो होंडाची सीडी १०० १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. तेव्हापासून खेड्यापाड्यांत अशाच गाड्या पसरल्या. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाड्या थंडी ओळखून पेट्रोल आपोआप कमी-जास्त करतात. जुन्या गाडीत ते काम आपल्या हाताने करावं लागतं.

आता थंडीत अडतं कुठे? पेट्रोल पातळ असताना पेटत नाही, त्याची वाफ पेटते. एका भाग पेट्रोलला वजनाने साधारण १५ भाग हवा, असं मिश्रण तापलेल्या इंजिनाला चालतं. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. पुष्कळसं पेट्रोल थेंब होऊन गार लोखंडाला चिकटून राहतं. म्हणजे कार्बोरेटरने दिलं तेवढं पेट्रोल ठिणगीपर्यंत वाफ होऊन पोचतच नाही. उपाय एकच, थोडा वेळ हवा कमी आणि पेट्रोल जास्त.

इथेच आपल्या हाताची सवय आड येते. चूल धुमसत असली की आपण फुंकणी घेतो, हवा देतो. थंड गाडीला नेमकं उलट लागतं. चोक ओढला की कार्बोरेटरच्या तोंडावर एक झडप येते, हवा अडते आणि आतल्या ओढीने पेट्रोल जास्त खेचलं जातं. त्याच वेळी एक्सलेटर पिळला तर ती ओढ कमी होते आणि चोकचा उपयोग राहत नाही. आमच्या मैत्रिणीने चोक लावलाच नव्हता आणि एक्सलेटर मात्र सोडला नव्हता.

चोकची दांडी काही गाड्यांना हँडलवर डाव्या हाताशी असते, काहींना खाली कार्बोरेटरलाच. कुठल्या बाजूला केली की चोक लागतो, हे गाडीगाडीला वेगळं असतं. मिस्त्रीकडून एकदा बघून घ्या आणि त्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावा. पहाटे अंधारात तो ठिपका कामी येतो.

चालू करण्याआधी गाडी ओसरीतून बाहेर काढा. चोरीच्या भीतीने आपण गाडी रात्री घरात घेतो, ते ठीक, पण बंद जागेत चालू करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत जाते. उजेडाला मोबाइलचा टॉर्च घ्या, चिमणी नको. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्या आणि पायात सपाता नकोत, घट्ट बसणारं काही घाला.

गाडी न्यूट्रलमध्ये, पेट्रोलचा कॉक चालू. टाकीत कमी असेल तर रिझर्व्हला. चोक पूर्ण लावा. चावी बंद ठेवूनच दोन-तीन किक सावकाश मारा. त्याने घट्ट झालेलं ऑइल हलतं आणि पेट्रोल आत येतं. आता चावी चालू करा. किक हळूच दाबत न्या, एका जागी ती जड लागते. तिथून थोडी पुढे सरकवा, वर येऊ द्या, आणि मग अंगाचा भार टाकून शेवटपर्यंत एकच किक मारा. अर्ध्यावर सोडलेली किकच उलटी फिरून पायावर येते. एक्सलेटरला हात लावू नका. सेल्फ असेल तर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, थंडीत बॅटरी आधीच सुस्त असते.

पाच-सहा किकमध्ये झाली नाही आणि पेट्रोलचा वास आला, तर थांबा. गाडी ओव्हर झाली, म्हणजे पेट्रोलने प्लग भिजला. आता चोक काढा, चावी बंद करा, एक्सलेटर पूर्ण उघडा आणि आठ-दहा किक मारा. आधी करायचं नव्हतं ते इथे करायचं, कारण आता आत हवा हवी आहे. पाच-दहा मिनिटं गाडी तशीच राहू द्या, मग चोक न लावता पुन्हा प्रयत्न करा. तरीही जमलं नाही तर प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसायचा. चुलीजवळ नेऊन वाळवायचा नाही.

गाडी चालू झाली की मिनिटभराने चोक अर्धा करा, इंजिन एकसारखं बोलू लागलं की पूर्ण काढा. चोक विसरला तर काळा धूर येतो, पेट्रोल जास्त जातं आणि प्लगवर काजळी बसून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड.

सगळं करूनही रोज त्रास होत असेल तर दोष दुसरीकडे असतो. कपाशीच्या रानातून धुळीत फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टर आणि प्लग आधी बघायला सांगा. घरधनी परगावी असला की गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि बारीक भोकं बुजतात. म्हणून लांबच्या मुक्कामाला जाताना कॉक बंद करून ती वाटी मिस्त्रीकडून रिकामी करून घ्यायची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं. टाकीचं झाकण सैल असेल, गाडी दवात उभी असेल, तर पाणी तळाशी जमतं आणि गाडी अडते.

हे सगळं कळल्यावर आमच्या गटाने सराव करायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की एका पहाटे एकीचीच पाळी लागते. गाडी एकदा तापली की दुसरीची परीक्षा खोटी. म्हणून पाच जणींनी पाच पहाटा वाटून घेतल्या. आमच्या मैत्रिणीची पाळी तिसऱ्या दिवशी होती. मुलगी टॉर्च धरून उभी. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. मुलीने पुढच्या भरतीचा फॉर्म भरला आहे, आणि तिची मैदानी परीक्षा पुन्हा थंडीतच येण्याची शक्यता आहे.