औषधपाण्याचा पैसा कुठे घालावा?

श्रोतेहो, हंगामाचे पैसे हाती आले की त्यांना किती वाटा फुटतात, हे तुम्हांला सांगायला नको. बियाणे आणायचे असते, छपराची कौले फुटलेली असतात, पोराची फी भरायची असते. छपराला गेलेला रुपया बियाण्याला उरत नाही. म्हणून घरचा कर्ता माणूस विचार करतो, कोणत्या कामी पैसा लावला तर घराचे अधिक भले होईल?

आरोग्यखात्यापुढेही हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की तिथे दोन्ही बाजूंना आजारी माणसे असतात.

इंग्लंडात १९४८ सालापासून सरकारी आरोग्यसेवा चालते. रुग्णाला ती बहुतांशी मोफत मिळते, पण पैसा लोकांच्या करांतून येतो आणि तो मोजकाच असतो. तो कसा वाटावा, याचा अभ्यास तिथल्या यॉर्क विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी केला. ॲलन विल्यम्स हे त्यांपैकी एक.

अडचण मापाची होती. एका उपचाराने जीव वाचतो, दुसऱ्याने नुसते दुखणे थांबते. मग तुलना करायची कशी? यासाठी एक सामाईक माप घेतले गेले. पूर्ण निरोगीपणे जगलेले वर्ष म्हणजे एक. आजाराने जगणे निम्म्यावर आले असेल, तर तेच वर्ष अर्धे. अशी दहा वर्षे मिळाली तर ती पाच धरायची. मग उपचाराच्या खर्चाला या वर्षांनी भागायचे.

विल्यम्स यांनी १९८५ साली हा हिशेब मांडला. झिजलेला खुब्याचा सांधा बदलला, तर असे एक वर्ष सुमारे ७५० पौंडांना पडत होते. रुग्णालयात यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारात तेच वर्ष सुमारे १४,००० पौंडांना पडे. म्हणजे एका वर्षाच्या पैशात तिकडे अठरा वर्षे!

मग मूत्रपिंडाच्या रुग्णाला वाऱ्यावर सोडायचे काय? तुमच्या मनात हे आलेच असेल, आणि शंका रास्त आहे. कुणाचे जगणे अर्धे, हे ठरवायचे कुणी? म्हाताऱ्या माणसाची वर्षे मुळातच थोडी उरलेली. त्याने मागेच राहायचे काय? अंकांना हे सारे दिसत नाही. म्हणून इंग्लंडात १९९९ साली यासाठी संस्था निघाली, तेव्हा हिशेबाच्या जोडीला समितीतील विचारविनिमयही ठेवला गेला. आपल्या देशातही केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली अशी पारख करणारी व्यवस्था उभी केली.

पण हिशेबच नको म्हटले, तरी निवड टळते का? नाही. मग ज्याचा वशिला मोठा, त्याच्याकडे पैसा जातो. ज्याला नकार मिळतो तो रुग्ण निदान समोर उभा असतो. ज्याच्या वाट्याचा पैसा दुसरीकडे गेला, तो दूरच्या खेड्यात खाटेवर पडलेला असतो. त्याला कुणी पाहत नाही. या हिशेबाचा खरा उपयोग त्याच्यासाठी आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे भागाकाराचे गणित एकदा फळ्यावर मांडा. उत्तर आले की मुलांना विचारा, “यात कोण राहून गेले?” आणि गावच्या सभेत दवाखान्याच्या खर्चाची गोष्ट निघेल, तेव्हा हाच प्रश्न तुम्हीही विचारा.